मुळेकाठचं अथेन्स

ग्रीस मी पाहिलेलं नाही, आणि आता पाहीन असंही वाटत नाही. एस.टी.ची पायरी चढताना ज्याला कंडक्टरचा हात धरावा लागतो त्याने समुद्र ओलांडायच्या गप्पा मारू नयेत. पण सगळी नोकरी मी पोरांना ग्रीस शिकवलं. क्रीटचे राजवाडे, मायसीनीची सिंहांची वेस, अथेन्स, स्पार्टा. दर वर्षी तेच. भाताची लावणी उरकून पोरं शाळेत परत यायची आणि पुस्तकातला धडा नेमका तिथे येऊन ठेपलेला असायचा. पायांना चिखल्या झालेल्या, डोळ्यांवर झोप, आणि समोर उभा राहून मी म्हणतोय, "प्राचीन ग्रीसमध्ये अनेक नगरराज्ये होती." नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे!

लोकांना वाटतं, मास्तरकी म्हणजे सावलीतलं काम. असेल. पण इतिहासाच्या मास्तरची गोष्ट निराळी. गणितवाल्याला बरं असतं, पाच आंबे आणि तीन आंबे म्हटलं की पोराच्या तोंडाला पाणी सुटतं. इतिहासवाल्याने स्वतः न पाहिलेलं दुसऱ्याला दाखवायचं असतं, आणि ते पाहायची त्या दुसऱ्याला कणभर इच्छा नसते. रोज सकाळी हे नव्याने करायचं. एखाद्या दिवशी घसा इतका सुकायचा की वाटायचं, ग्रीस समुद्रात बुडालं असतं तर माझं भलं झालं असतं.

मी सांगतोय ते गाव मुळशी तालुक्यात, मुळा नदीच्या अलीकडच्या काठाला. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं भांडतात. साल म्हणाल तर स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. शाळेला इमारत नव्हती. खालचे वर्ग चावडीत भरायचे आणि माझे सहावी-सातवीचे भैरोबाच्या सभामंडपात. एका खांबाला फळा टेकवलेला, दुसऱ्या खांबाला घंटा. ती घंटा देवाची की शाळेची, यावर माझा आणि शंकर गुरवाचा वाद कधी संपला नाही. गुरव म्हणजे देवळाचा पुजारी, माणूस भला, पण ऐन तासाला आरतीचं तबक घासायला बसायचा.

नकाशा एकच होता, हिंदुस्थानचा, आणि त्यातलं काश्मीर उंदरांनी खाल्लेलं. मग ग्रीस दाखवायचं कसं? मी पोरांना मंडपाच्या कठड्याशी उभं करायचो आणि समोरचे डोंगर दाखवायचो. म्हणायचो, "हे बघा, आपण डोंगराच्या या अंगाला. पलीकडच्या खोऱ्यातली माणसं आपल्याला वर्षात किती वेळा भेटतात?" पोरं म्हणायची, "जत्रंला." "बरं, त्यांचा देव आपला देव एक आहे का?" "न्हाई." "त्यांचं आपलं पटतं का?" यावर सगळी पोरं एका सुरात, "न्हाई!" झालं. हेच ग्रीस. मधे डोंगर, म्हणून प्रत्येक खोऱ्याचं राज्य वेगळं, देव वेगळा, ऐट वेगळी, आणि बाहेरचा शत्रू आला तरच सगळे एक. भरे आणि चांदे या गावांची नावं घेऊन मी अथेन्स-स्पार्टाची लढाई लावून द्यायचो. डेल्फीच्या देवळात लोक देवाला प्रश्न विचारायचे हे तर सांगावंच लागायचं नाही. भैरोबाला कौल लावताना पोरांनी शंभरदा पाहिलेलं होतं.

या पद्धतीचा एकदा दणका बसला. तपासणीला साहेब आले. गावात त्यांना दिपोटी म्हणायचे. त्यांनी एका पोराला विचारलं, "ग्रीस कुठे आहे?" पोरगं उठलं, हात लांब केला आणि खिंडीकडे बोट दाखवून म्हणालं, "त्या डोंगरापल्याड." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी देवाकडे पाहिलं. साहेब मात्र मोठ्या मनाचे. म्हणाले, "दिशा बरोबर आहे. अंतर तेवढं सांगा त्याला." जेवण करून गेले बापडे.

मंडपात शाळा भरवायचा आणखी एक ताप म्हणजे ऐकायला मोठी माणसं बसायची. शेतातली कामं थंडावली की दुपारच्याला दोन-चार म्हातारे तंबाखू मळत खांबाला टेकायचे. तात्यांची आई, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, ती कोपऱ्यात वाती वळत असायची. तात्या म्हणजे गावातले मोठे खातेदार, देवळाचा कारभार त्यांच्याकडे. आणि बाहेर, मंडपाच्या पायरीवर, गेनू नावाडी.

गेनू पायरीवरच बसायचा. ऊन असो, पाऊस असो, खांबाच्या आत यायचा नाही. पहिल्यांदा मला वाटलं, चिखलाचे पाय म्हणून लाजत असेल. मग एकदा मी मायसीनीचा धडा घेत होतो. सांगत होतो की कधीकाळचं भरलेलं शहर, मग लोक विसरले, वर माती चढली आणि हजारो वर्षांनी खणून काढलं तेव्हा भिंती सापडल्या. तोच पायरीवरून आवाज आला.

"मास्तर, आमचं गाव बी तसंच हाय. फकस्त मातीखाली न्हाई, पान्याखाली."

तेव्हा मला कळलं. धरणाच्या पाण्यात जी गावं गेली त्यातल्या एका गावाचा हा. जाणत्या वयाचा होता तेव्हा, नुकतं लगीन झालेलं. सगळे पांगले, हा बायकोला आणि देवाचा एक शेंदरी दगड घेऊन इकडे आला. नदीवर होडी चालवायला माणूस हवा होता, गावाने ठेवून घेतलं. त्याची पोरं इथे जन्मली, नातवंडं माझ्या वर्गात होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो दोन दिवस चालत जाऊन आपल्या देवळाचा उघडा पडलेला कळस बघून यायचा. आणि इतकं सगळं होऊनही गावात त्याला म्हणायचे 'धरणातला'. जत्रेची वर्गणी त्याच्याकडून घ्यायचे, पण गावच्या बैठकीत त्याला बोलायचा हक्क नव्हता. त्याचा तो पायरीवरचा मुक्काम गावाने ठरवून दिलेला होता. कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं, एवढंच.

अथेन्समध्येही अशी माणसं होती. मी शिकवत होतोच. गावात राहायचं, कर भरायचा, लढाईला जायचं, पण सभेत बोलायचं नाही. आपल्या भाषेत उपरे. तो भाग वाचताना मी पायरीकडे पाहायचं टाळायचो. गेनू मात्र मान हलवून ऐकायचा, "व्हय, व्हय," म्हणत.

त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. गावाची रीत अशी की मतदान होऊ द्यायचं नाही. सगळ्यांनी बसून नावं ठरवायची, जागा तितकेच अर्ज भरायचे आणि निवडणूक बिनविरोध करायची. ऐकायला गोड वाटतं. भांडण नाही, तंटा नाही. पण यात गोम अशी की मतदार यादीत नाव असलं तरी मत द्यायची वेळच येत नाही. यादीत गेनूचं नाव होतं. पण नावं ठरवणाऱ्या बैठकीत गेनूला जागा नव्हती. मग त्या यादीचा उपयोग काय, लोणचं घालायला?

यंदा मात्र एका जागेवर गाडं अडलं. तात्यांच्या भावकीला ती हवी, खालच्या आळीला ती हवी. मागे अशाच एका तिढ्यात काठ्या निघाल्या होत्या आणि एकाचा हात कायमचा वाकडा झाला होता. कोणी मागे हटेना. शेवटी आमचा शंकर गुरव तबक घासता घासता म्हणाला, "मास्तर ते अथेन्सचं सांगत्यात बगा, पावट्याचं. तसं करा की."

आता हा पावटा काय ते सांगतो. अथेन्सचे लोक पुष्कळसे अधिकारी निवडून देत नसत. नशिबावर सोडत. काळे-पांढरे दाणे एकत्र करायचे, एकेकाने एकेक काढायचा, पांढरा येईल त्याच्याकडे काम. त्यांचं म्हणणं, निवडणुकीत पैसेवाला आणि बोलघेवडा पुढे जातो, दाण्याला कोणाची ओळख नसते. हे मी वर्गात करून दाखवायचो. आधी चिंचोके घेतले होते. एक घासून पांढरा केला, तर पोरं बोटाने चाचपून तोच काढायला लागली. लबाडीत आमच्या पोरांचा हात कोणी धरला नसता. म्हणून मग पावटे घेतले. सगळे सारखे, एक सोडून बाकीचे शाईत बुडवून वाळवलेले. हाताला काही कळत नाही.

गावाला कल्पना पसंत पडली. भैरोबापुढे गाडग्यात पावटे टाकायचे, प्रत्येक घरच्या कर्त्याने एक काढायचा, पांढरा येईल तो अर्ज भरेल. मला फार काही वाटलं नाही, खरं सांगतो. दमलो होतो. घरी जाऊन सौभाग्यवतींकडे पावटे मागितले, त्या म्हणाल्या, "आमटीला नाहीत आणि तुमच्या निवडणुकीला कुठले देऊ?" पण दिले. जितकी घरं तितके मोजून घेतले आणि शाळेच्या शाईत बुडवले.

सकाळी मंडप भरला. पुरुष आत, बायका एका कडेला. वेशीबाहेरच्या वस्तीतलं कोणी नव्हतं. त्यांची एक जागा कायद्याने राखलेली आहे, तेव्हा त्यांना गाडग्यात हात घालायची गरज नाही, असं तात्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गुरवाने गाडगं देवापुढे ठेवलं, हलवलं. आणि गेनू पायरीवरून उठून उभा राहिला. हातपाय धुऊन, डोक्याला धुतलेलं पागोटं बांधून आला होता.

"तात्या, मलाबी हात घालू द्या त्यात."

मंडपात हशा झाला. तात्या म्हणाले, "गेनू, येडा का खुळा तू? ही गावकी हाय. तू धरनातला."

"मला पंच व्हायाचं न्हाई. मला पांढरा आला तर मी सोडतू, भैरोबाची आन. पर हात घालू द्या. माजं घर हितं हाय, माजी पोरं हितं जल्मली. एकदा हात घालू द्या."

तात्या काही दुष्ट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. ते अडचणीत आले होते, आणि अडचणीत आलेला माणूस शिकल्यासवरल्याकडे बघतो. ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, रीत तुमची. तुमीच सांगा. तुमच्या अथेन्सात बाहेरच्याला हात घालू द्यायचं का?"

झाली का पंचाईत! इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी ओतत होतो, आणि आज सगळं गाव श्वास धरून इतिहासाचा प्रश्न विचारत होतं. उत्तर मला माहीत होतं. ते वेगळं असतं तर मी किती सुखी झालो असतो. गेनू माझ्याकडे पाहत होता. मास्तर आपल्या बाजूने बोलणार याची त्याला खात्री होती.

मी म्हणालो, "नाही. नव्हते घालू देत. बाहेरच्याला नाही, बायकांना नाही, गुलामांना नाही."

"मग झालं तर," तात्या म्हणाले. गेनूने मान खाली घातली. पण शिकवायची खोड वाईट. धडा अर्धवट सोडवत नाही. मी पुढचं सांगितलं.

"एकदा अथेन्सवर अशी वेळ आली की लढाईच्या जहाजांवर वल्ही मारायला माणसं पुरेनात. तेव्हा उपऱ्यांना बोलावलं, गुलामांना बोलावलं, वल्ह्यावर बसवलं. लढाई जिंकली. मग ज्यांनी ज्यांनी वल्हं मारलं, त्यांना गावचं करून घेतलं."

मग कोपऱ्यातून आक्का बोलली. वाती वळायचं तिने थांबवलंही नाही.

"तात्या, तुजी बायकू बाळंतपनात अडली व्हती त्या पावसाळ्यात, आठिवतंय न्हवं? नदी दोनी थड्या भरून चाललेली. पल्याड जाऊन पौडाचा दाक्तर कुनी आनला? ह्या गेनूनंच न्हवं वल्हं मारलं?"

"आक्का, तू गप बस."

"गप कशापायी? वाती वळती म्हून मी काय बहिरी हाय? तवा न्हाई इचारलंस ह्यो कुटला म्हून. म्या बाईमानूस, मला नगा घालू देऊ हात. त्याला घालू द्या."

तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण आईपुढे बोलतात कसे! हात झटकून म्हणाले, "घाल बाबा घाल. सगळ्यात शेवटी घाल."

आणि पावटा एक कमी पडला! मी धावत घरी गेलो, एक पावटा आणला, शाईच्या दौतीत बुडवला आणि ओलाच गाडग्यात टाकला. गुरव म्हणाला, "ऱ्हाऊ दे, वाळंल आत." एकेकजण पुढे येऊ लागला. काळा, काळा, काळा. निम्मी माणसं झाली नाहीत तोच तात्यांच्या चुलतभावाने मूठ उघडली. पांढरा. त्यांच्या भावकीने गुलाल उधळला, खालच्या आळीने तोंडं वाकडी केली, पण देवासमोर झालेलं, बोलणार कोण? एवढं सगळं करून जागा गेली ती तात्यांच्याच घरात. मी इतिहास शिकवतो, मला नवल वाटलं नाही.

निकाल लागला म्हणताना उरलेल्यांनी हात घालायचा कंटाळा केला. लोक धोतर झटकत उठले. कोणी चहाचं विचारू लागलं. गुरवाने गाडगं पालथं घालायला उचललं.

"थांब शंकर," गेनू म्हणाला. "माजा ऱ्हायलाय."

"आरं, पांढरा निगाला की. आता समदं काळंच हाय त्यात."

"असूं दे. माजा ऱ्हायलाय."

तो खांबांच्या आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भैरोबाला हात जोडले, गाडग्यात हात घातला आणि नेमका आपलाच पावटा काढला, तो ओला. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर शाई पसरलेली, तीन बोटं काळी. पाहायला थांबलो होतो आम्ही तिघं, मी, गुरव आणि आक्का. बाकीचे गुलालात होते. गेनू त्या हाताकडे बघत राहिला आणि हसला, मग त्याने दुसऱ्या हाताने डोळे पुसले, मग परत हसला. मला बघवेना. मी फळा पुसायला लागलो, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला तर गेनू खांबाला टेकून बसलेला, आत. बोटं तशीच काळी. मी विचारलं, "अरे, हात नाही धुतलास?"

"धुतला न्हाई. भाकरीला लागली शाई. कडू लागली, पर खाल्ली. करा सुरू मास्तर, पुढं काय झालं अथेन्साचं?"

पुढे काय व्हायचं? अथेन्स हरलं. तेही सांगितलं.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत माझी बदली झाली. मास्तरच्या बदलीत कौतुकाचं काही नसतं. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह. माझ्या अशा बदल्या इतक्या झाल्या की ट्रंकेची कडी हाताला ओळखीची झाली होती. सौभाग्यवती आधीच माहेरी गेल्या होत्या. पलीकडच्या काठावरून एस.टी. होती. गेनूने सामान होडीत ठेवलं आणि नदीच्या मध्यावर येईपर्यंत तो वल्हं मारत राहिला. मग वल्हं थांबवून म्हणाला,

"मास्तर, एक इचारू? त्या दिशी तुमी का न्हाई हात घातला?"

मी म्हणालो, "मी कसा घालणार? मी बाहेरचा."

"तेच म्हनतो. गाडगं तुमचं, पावटं तुमचं, शाई तुमची. पर तुमचं नाव कुनी काढलं न्हाई. माज्याबी ध्यानात आलं न्हाई. आदल्या दिशीपातुर मी पायरीवर व्हतो, तरी मलाबी सुचलं न्हाई. लई वाईट वाटलं मागनं."

सगळी नोकरी गावोगाव पोरं शिकवली आणि कोणत्याच गावच्या बैठकीत मी बसलो नाही, हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. लोक मान द्यायचे, खुर्ची द्यायचे, लग्नाची पहिली पत्रिका द्यायचे. मी उपराच होतो, आणि तो धडा शिकवत होतो दुसऱ्यांना. एकदम फार दमल्यासारखं झालं.

गेनूने वल्हं माझ्यापुढे धरलं. "घ्या."

"अरे, मला कुठे येतंय?"

"घ्या वो. तुमीच शिकिवलंय, वल्हं मारलं की गावचं."

मी वल्हं घेतलं. पाण्यात घातलं, ओढलं. होडी जागच्या जागी गोल फिरली, ट्रंक घसरली, स्टोव्ह आडवा झाला. गेनू पोट धरून हसला. मीही हसलो. पुन्हा ओढलं, पुन्हा गोल. मग त्याने माझ्या हातावर हात ठेवले आणि आम्ही दोघांनी मिळून ती होडी कशीबशी काठाला लावली. माझे तळवे सोलले होते.

"झालं," तो म्हणाला. "आता तुमी आमचं. कुनी इचारलं तर सांगा, गेनूच्या गावचा हाय म्हून."

त्याने ट्रंक वर चढवून दिली. एस.टी. उभीच होती. कंडक्टरने विचारलं, "कुठले पावने?" मी मागे वळून पाहिलं. होडी परत निघाली होती, गाव पलीकडच्या काठावर होतं, आणि मी गावचा झालो होतो.